वऱ्हाडचा कापूस आणि चीन-जपानचे दालन

महागाव, उमरखेड, पुसदकडची माणसे मुंबईला गेली की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बहुधा जातात. शाळेची सहल असेल तर हमखास. सिंधू संस्कृतीचे अवशेष, दगडी मूर्ती, पेंढा भरलेले प्राणी, तलवारी आणि चिलखते एवढे पाहून होईपर्यंत पाय दुखू लागतात आणि पोरांना गेटवे ऑफ इंडियाची घाई झालेली असते. चीन आणि जपानच्या कलेचे दालन मग एका फेरीत उरकले जाते. ‘चिनी मातीची भांडी आहेत, चला पुढे.’ ज्या भागातून मी हा लेख लिहितो आहे, त्या भागातल्या माणसाने तरी या दालनात थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते. तिथल्या वस्तू ज्या व्यापारी वाटेने मुंबईत आल्या, त्याच वाटेने उलट दिशेला आपल्या काळ्या जमिनीतला कापूस जात होता.

आधी संग्रहाची हकिकत. या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला 11 नोव्हेंबर 1905 रोजी तेव्हाच्या युवराजांच्या, म्हणजे पुढे पाचवे जॉर्ज झालेल्या राजाच्या हस्ते बसली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. इमारत 1914 मध्ये उभी राहिली, पण महायुद्ध सुरू झाले आणि ती लष्करी इस्पितळासाठी वापरली गेली. लोकांसाठी दारे उघडली ती 10 जानेवारी 1922 रोजी. तेव्हाचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा 1918 मध्ये इंग्लंडमध्ये वारले. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांचे यॉर्क हाउस नावाचे मोठे घर होते आणि कलावस्तू जमवण्याचा त्यांना नाद होता. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा पुरवणारे ते हेच. त्यांचा संग्रह मृत्युपत्रानुसार या नव्या संग्रहालयाला मिळाला. थोरले बंधू सर दोराबजी 1932 मध्ये गेले आणि त्यांचा संग्रह 1933 मध्ये आला. पोर्सिलेन, जेड, तपकिरीच्या बाटल्या, मिनाकाम, हस्तिदंती काम असा पूर्व आशियाचा जो ऐवज आज तिथे दिसतो, त्याचा कणा म्हणजे या दोन भावांनी जमवलेल्या वस्तू.

टाटांच्या घराचा आणि चीनचा संबंध या दोघांच्याही आधीचा. जमशेटजी विशीत असताना, 1859 मध्ये, वडील नसरवानजींच्या पेढीची शाखा काढायला हाँगकाँगला गेले होते. मुंबईचा चीनशी व्यापार तेव्हा मुख्यतः दोन मालांवर चाले, कापूस आणि माळव्याची अफू. हे दुसरे नाव टाळून या दालनाची गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. पारशी, मारवाडी, गुजराती, बगदादी यहुदी, ब्रिटिश अशा कितीतरी पेढ्या या व्यापारावर मोठ्या झाल्या आणि त्याच अफूसाठी चीनवर 1839 ते 1842 आणि 1856 ते 1860 अशी दोन युद्धे लादली गेली. ऑक्टोबर 1860 मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल लुटला आणि जाळला. ब्रिटिशांच्या त्या फौजेत हिंदी शिपायांच्या पलटणीही होत्या. तिथून पुढे लंडन-पॅरिसच्या बाजारात उंची चिनी वस्तू मोठ्या संख्येने दिसू लागल्या. अमुक फुलदाणी लुटीतली की रीतसर विकत घेतलेली, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण जगभरच्या चिनी संग्रहांवर त्या वर्षाची सावली आहे, हे पाहणाऱ्याने मनात ठेवावे.

आता कापूस. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. अमरावतीवरून पडलेले नाव. धागा आखूड, पण भाव परवडणारा. जमशेटजींनी गिरणी काढायला नागपूर निवडले, कारण कापूस दारात होता आणि कोळसा वरोऱ्याला. ती एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. त्या काळात हिंदी गिरण्यांच्या सुताचे मोठे गिऱ्हाईक चीन होते. पुढे जपानने स्वतःच्या सूतगिरण्या उभ्या केल्या, चीनच्या बाजारात आपल्या सुताला मागे टाकले आणि त्या गिरण्यांसाठी कच्चा कापूस मात्र आपल्याकडून नेऊ लागला. आखूड धाग्याचा हिंदी कापूस आणि लांब धाग्याचा अमेरिकन कापूस यांची मिसळ करून सूत काढण्यात जपानी कारागीर तरबेज झाले होते.

या व्यापाराला मोठी अडचण होती ती जहाजभाड्याची. मुंबई ते पूर्व आशिया या मार्गावर पी अँड ओ आणि तिच्या जोडीदार कंपन्यांची पकड होती. जमशेटजी 1893 मध्ये जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी बोलणी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला कोबे-मुंबई वाहतूक सुरू झाली. त्या कंपनीचा हा पहिला दूर पल्ल्याचा मार्ग. पी अँड ओने दर पाडून स्पर्धा मोडायचा प्रयत्न केला. टाटांनी स्वतः भाड्याने घेतलेली जहाजे फार काळ टिकली नाहीत, जपानी कंपनी मात्र टिकली. त्याच 1893 च्या प्रवासात योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या बोटीवर जमशेटजींची स्वामी विवेकानंदांशी गाठ पडली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यामागे कापसाचे गठ्ठे होते, हे फारसे कुणी सांगत नाही.

पुढे तोयो मेंका, गोशो अशा जपानी कापूस कंपन्या मुंबईत बसून खरेदी करण्यावर न थांबता देशाच्या आतल्या कापूसपट्ट्यात उतरल्या. यवतमाळला मूर्तिजापूरशी जोडणारी अरुंद रुळांची गाडी, आपली ‘शकुंतला’, किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठीच घातली. जिनात सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, गाठी मूर्तिजापूरला मोठ्या रेल्वेवर चढायच्या आणि मुंबईच्या गोदीत उतरायच्या. तिथून कोबे आणि ओसाकाकडे जाणाऱ्या जहाजांवर हिंदी कापूस लादला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपान हा हिंदी कापसाच्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी एक होता. जपानी कापडावर इथल्या सरकारने जकात वाढवली, तेव्हा चिडून जपानी गिरणीवाल्यांनी 1933 मध्ये हिंदी कापसावर बहिष्कार घातला, त्याचा फटका थेट शेतकऱ्याला बसला. पुढच्या वर्षी दोन्ही देशांचा करार झाला तेव्हा तो उठला. सर दोराबजींचा संग्रह मुंबईच्या संग्रहालयात दाखल झाला ते वर्षही 1933 च. दालनात अमुक घराणे, अमुक शतक हे लिहिलेले असते. या वस्तू जमवणाऱ्या घराची पेढी कशावर चालली, हेही दोन ओळींत लिहावे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या मुलाला त्या कपाटासमोर परके वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळू. सुरुवात पोर्सिलेनपासून, कारण ‘चिनी माती’ म्हणून आपण ज्या सगळ्याला एकाच टोपलीत टाकतो, त्यात फार फरक आहे. आपल्या घरातली लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी हे पोर्सिलेन नव्हे. ती जाड, अपारदर्शक, साधारण 1200 अंश सेल्सियसला भाजलेली दणकट जात. पोर्सिलेनला दोन गोष्टी लागतात: केओलिन नावाची पांढरी, चिवट माती आणि एक प्रकारच्या फुटक्या दगडाची भुकटी. दोन्ही मळून भट्टी 1300 अंशांच्या आसपास नेली की दगडाचा अंश काचेसारखा वितळतो आणि मातीच्या कणांना घट्ट धरतो. म्हणून भांडे पातळ असूनही पाणी झिरपू देत नाही, टिचकी मारली की खणखणते आणि दिव्यासमोर धरले तर उजेड आरपार दिसतो. चीनने हे हजार वर्षांपूर्वीच साधले होते. युरोपला त्याची नक्कल जमली ती जर्मनीतल्या माइसेनला, तीही 1708-10 च्या सुमारास.

या कामाची राजधानी म्हणजे जिआंग्शी प्रांतातले जिंगदेजेन. दान्त्रकोल नावाचा फ्रेंच पाद्री तिथे राहिला होता. 1712 आणि 1722 मध्ये त्याने लिहिलेल्या पत्रांतून युरोपला ही कृती कळली. एक भांडे तयार होईस्तोवर सत्तर माणसांच्या हातांतून जाते, असे त्याने नोंदवले आहे. एक जण फक्त कडेची रेघ ओढणार, दुसरा फक्त फुले काढणार, तिसरा फक्त पाणी आणि डोंगर. इंग्लंडात यंत्रांचे कारखाने उभे राहण्याआधीची ही कामाची वाटणी आहे. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा निळा रंग कोबाल्टचा, आणि चौदाव्या शतकात तो इराणकडून येई. कच्च्या भांड्यावर तो आधी काळपट दिसतो, वर झिलई चढवून भाजला की खुलतो. चित्र झिलईच्या खाली असल्यामुळे शतके लोटली तरी ते पुसले जात नाही. गुलाबी छटेची भांडी मात्र वेगळी. तो गुलाबी रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून येतो, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो चीनमध्ये रुळला, आणि तो झिलईच्या वर चढवून दुसऱ्यांदा, कमी आचेवर भाजतात. बोट फिरवता आले असते तर त्या फुलांचा उंचवटा हाताला लागला असता. काचेबाहेरूनही तिरपे पाहिले की तो कळतो.

जेडच्या कपाटाशी लोक सर्वांत कमी थांबतात, कारण चकाकी नाही. पण जेड कोरता येत नाही, हे कळल्यावर नजर बदलते. या दगडातले तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की छिन्नी चालत नाही. त्याहून कठीण वाळू पाण्यात कालवून, फिरत्या चकतीखाली, दिवसचे दिवस घासत राहायचे. कमळाच्या पाकळीची प्रत्येक वळकटी अशी झिजवून काढलेली असते. पांढरा-हिरवट नेफ्राइट मध्य आशियातल्या खोतानहून येई, गडद हिरवा जेडाइट अठराव्या शतकापासून ब्रह्मदेशातून. चीनचा बादशहा चियेनलुंग जेडचा दर्दी होता, आणि त्याला विशेष वेड होते ते हिंदुस्थानातल्या मोगल घाटणीच्या जेडचे. कागदासारख्या पातळ वाट्या पाहून त्याने त्यांच्यावर कविता रचल्या.

तपकिरीच्या बाटल्या जेमतेम बोटभर. आपल्याकडे तपकिरीची डबी कमरेला किंवा बंडीच्या खिशात असे. चीनमध्ये दमट हवेत तपकीर गोळा होऊ नये म्हणून बाटली आली आणि झाकणाला आत चिमुकला चमचा लावला गेला. काचेच्या काही बाटल्यांवरचे चित्र आतून काढलेले असते. बाकदार टोकाची बारीक काडी अरुंद तोंडातून आत घालून, उलट्या क्रमाने. आधी डोळ्यातली बाहुली, मग डोळा, मग चेहरा.

जपानी वस्तूंना दुसरा इतिहास आहे. 1868 मध्ये मेईजी राजवट आली, सामुराईंचा दर्जा गेला आणि 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली. तलवारीच्या मुठी, पाती, कवचे घडवणारे कारागीर बेकार झाले. सरकारने त्यांना परदेशी प्रदर्शनांसाठी माल बनवायला लावले. बंदीच्या आधीच, 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात, जपानी कलावस्तूंनी गर्दी खेचली होती, आणि पुढची तीसेक वर्षे फुलदाण्या, मिनाकामाच्या कुप्या, साय रंगाच्या बारीक तडे असलेल्या झिलईवर सोन्याचे काम केलेली सात्सुमा भांडी जहाजे भरून बाहेर गेली. जाणकार लोक या निर्यातीच्या मालाला कधी कधी नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पोटाचा धंदा गेलेल्या पिढीने आपले हस्तकौशल्य मरू दिले नाही, याचा तो पुरावा आहे. विणकरांच्या, सुतारांच्या, लोहारांच्या गावांत राहणाऱ्या आपल्याला तो समजायला हवा.

जपानी लाखकाम पाहताना सावंतवाडीची आठवण येईल, पण साहित्य निराळे आहे. आपली लाख किड्यापासून मिळते. तिथली उरुशी हा एका झाडाचा चीक. तो वाळवून घट्ट होत नाही, त्याला दमट आणि उबदार हवा लागते, म्हणून पेटी ओलसर कपाटात ठेवून एकेक थर पक्का करतात. असे दहा-वीस थर, आणि मधल्या एखाद्या ओल्या थरावर सोन्याची भुकटी शिंपडून काढलेले चित्र.

जपानी संग्रहांतली माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे नेत्सुके. किमोनोला खिसे नसत. औषधाची कप्पेदार डबी किंवा तंबाखूची पिशवी दोरीने कमरपट्ट्याखालून लोंबती ठेवायची आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक गुंडा बांधायचा. आपल्या आज्यांच्या कनवटीला खोचलेल्या चंचीसारखीच सोय. त्या गुंड्याला, म्हणजे नेत्सुकेला, त्यांनी हस्तिदंत किंवा लाकडात मूर्तीचे रूप दिले: झोपलेला उंदीर, शेंगा सोलणारी म्हातारी, भोपळ्यात शिरलेले माकड. वस्तू सुपारीपेक्षा थोडी मोठी, तरी चारी बाजूंनी पूर्ण, एकही टोक बाहेर आलेले नाही, नाहीतर कपड्यात अडकेल. दोरीसाठी दोन भोके कुठे लपवली आहेत हे शोधण्यात मुले रमतात. पाश्चात्त्य कपड्यांना खिसे आले, नेत्सुके घरोघर निरुपयोगी झाले आणि परदेशी संग्राहकांनी ते ओंजळीने विकत घेतले.

या लहान मूर्तींत आपली ओळखीची मंडळी भेटतात. जपानच्या सात भाग्यदेवतांपैकी तीन मूळच्या भारतीय. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. हातात वीणेच्या जागी बिवा हे तिथले तंतुवाद्य. बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. आणि दाईकोकू म्हणजे महाकाल! भस्म आणि रुंडमाळ मागे राहिली. भाताच्या पोत्यांवर उभा, हातात हातोडी, शेजारी उंदीर, गालांत हसू, असा तो शेतकऱ्यांचा आणि दुकानदारांचा देव झाला. गोल पोटाची, बिनपायांची दारुमा बाहुली हा बोधिधर्म. दक्षिण भारतातून चीनला गेलेला भिक्षू असे परंपरा सांगते, आणि नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसल्याने त्याचे पाय झडले, अशी कथा.

सर्वांत जवळची ओळख अवलोकितेश्वराची. औरंगाबादच्या सातव्या लेण्याच्या दाराशी तो उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आग, चोर, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती अशा आठ संकटांतून त्याचा धावा करणारी माणसे कोरली आहेत. व्यापारी मार्गावर चालणाऱ्यांचा हा रक्षणकर्ता. ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्रात अशी संकटे येतात, त्याचे कुमारजीवाने 406 मध्ये चिनी भाषांतर केले, आणि अवलोकितेश्वर चीनचा ग्वानयिन, जपानचा कान्नोन झाला. चीनमध्ये त्याने हळूहळू स्त्रीरूप घेतले. पांढऱ्या पोर्सिलेनची, पदर डोक्यावरून घेतलेली, शांत चेहऱ्याची ती देवी म्हणजे आपल्या लेण्यातला तोच करुणेचा देव. विसाव्या शतकात काही जपानी चित्रकार त्याच्या मूळ घरी आले. अराई काम्पो यांनी 1917-18 च्या सुमारास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. नारा भागातल्या होर्युजी विहारातल्या भित्तिचित्रांशी अजिंठ्याचे नाते त्यांना अभ्यासायचे होते. त्या प्रतिकृती 1923 च्या भूकंपानंतर तोक्योत लागलेल्या आगीत जळाल्या आणि होर्युजीची मूळ चित्रे 26 जानेवारी 1949 च्या आगीत होरपळली. दोन्ही मिळून जे गमावले ते मोठे आहे.

मराठी माणसाने उभा केलेला असा दुसरा संग्रह महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड 1910 मध्ये जपानला जाऊन आले. त्यांनी स्थापलेल्या बडोदा म्युझियममध्ये चीन आणि जपानची दालने आहेत, आणि प्रजेने जगाची कला घरबसल्या पाहावी हा त्यांचा हेतू होता. आपल्या विदर्भात नागपूरचा अजबबंगला 1863 पासून आहे, कामठीत 1999 मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने ड्रॅगन पॅलेस विहार उभे राहिले. मात्र महागावच्या मुलाला जिंगदेजेनची एखादी वाटी प्रत्यक्ष पाहायला आजही मुंबई-बडोद्यासारखे दूरचे शहर गाठावे लागते. मुंबईच्या संग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस 2015 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत फिरते. कापूस वेचणीच्या हंगामात ती आपल्या तालुक्यात आली आणि तिच्यात चीन-जपानच्या वस्तूंच्या प्रतिकृती असल्या, तर तो धडा इथे जितका लागेल तितका दुसरीकडे क्वचितच.

दालनात गेलात तर भांड्यांच्या तळाकडेही बघा, कुठे दिसत असेल तर. तिथे बहुधा सहा चिनी अक्षरे असतात. दोन उभ्या ओळी, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायच्या: कोणते घराणे, कोणत्या बादशहाची कारकीर्द, ‘या काळात घडवले’. पण त्यावरून लगेच वय ठरवू नये. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कुंभारांनी पंधराव्या शतकातल्या छेंगह्वा बादशहाची मोहोर आपल्या भांड्यांवर सर्रास लिहिली आहे. त्यात प्रत्येक वेळी फसवणूक नव्हती. जुन्या उत्तम कामाला केलेला तो नमस्कारही असे. म्हणून जाणकार अक्षरांवर विसंबत नाहीत. ते आधी निळ्या रंगाचा कडेला झालेला फुटवा, झिलईतले बुडबुडे आणि पायाच्या कडेला उघडी राहिलेली माती पाहतात.